श्रावकाचा व्यवहार : ओढणाऱ्याची क्षमता आणि ओझ्याची मर्यादा

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या जैन कुटुंबाच्या उन्हाळी सुटीचा विचार बहुधा आहारापासून सुरू होतो. लेस्टर वा लंडन येथे मंदिर आहे, समाज आहे, घरचे स्वयंपाकघर आहे. स्कॉटलंडच्या डोंगरांत किंवा वेल्सच्या किनाऱ्यावर मात्र कंदमूळविरहित भोजन, उकळलेले पाणी आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण यांची हमी कोणी देत नाही. अशा वेळी कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, बरोबर नेण्याची कल्पना मनात येणे स्वाभाविक आहे. त्यात आपली शेगडी असते, आपली भांडी असतात आणि नियमही सुखाने पाळता येतात.

कॅरॅव्हॅनला स्वतःचे इंजिन नसते. ती मोटारीच्या मागे जोडून ओढावी लागते आणि मुक्कामाच्या ओल्या गवतावरून बाहेर काढताना चारही चाकांचा जोर उपयोगी पडतो. म्हणून वापरलेल्या आलिशान डिझेल गाड्यांकडे लक्ष वळते. त्यांत दोन नावे हमखास समोर येतात : लँड रोव्हर डिस्कव्हरी ४ आणि दुसऱ्या पिढीची फोक्सवॅगन टुआरेग. दोन्हींत ३ लिटरचे सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन मिळते आणि दोन्हींची ओढण्याची कमाल क्षमता ३,५०० किलो सांगितली जाते. विक्रेता हाच आकडा पुढे करतो आणि ग्राहकही त्यावर भुलतो.

कुटुंबाने मात्र गणित कॅरॅव्हॅनच्या बाजूने मांडावे. समजा, सामानासह तिचे कमाल अनुज्ञेय वजन १,६०० किलो आहे. नवख्या चालकाने ओढायचे ओझे रिकाम्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपर्यंतच ठेवावे, असा तेथील जाणकारांचा सल्ला असतो. टुआरेगचे वजन २,१०० किलोच्या पुढे, तर डिस्कव्हरीचे अडीच टनांच्या आसपास आहे. अर्थात या ओझ्यासाठी दोन्ही पुरेशा आहेत. जोडाच्या कड्यावर येणारा उभा भार कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के, म्हणजे येथे ८० ते ११२ किलो असावा. गाडी याहून अधिक भार पेलत असली, तरी कॅरॅव्हॅनच्या सांगाड्याची मर्यादा पुष्कळदा १०० किलोच असते. दोन मर्यादांपैकी जी लहान, तीच पाळावयाची. तसेच गाडीवरील ओळखपट्टीच्या दुसऱ्या ओळीत गाडी आणि कॅरॅव्हॅन यांचे मिळून कमाल वजन दिलेले असते. खरेदीपूर्वी ती ओळ वाचणे अगत्याचे आहे.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण हा एक आहे. बैलाच्या किंवा मजुराच्या पाठीवर शक्तीबाहेर ओझे लादणे हा त्याचा मूळ अर्थ. यंत्राला वेदना नसते हे खरे. पण अतिभाराने ज्याचा तोल सुटतो अशा वाहनात माणसे असतात आणि रस्त्यावरही माणसे असतात. त्यामुळे त्या अतिचारामागील सावधगिरी येथेही तितकीच लागू पडते.

वजनाचा निकष दोन्ही गाड्या पूर्ण करतात. मग निवड कशावर व्हावी? पहिली कसोटी घरातील माणसांची. ब्रिटनच्या कायद्यानुसार चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये कोणालाही बसता येत नाही. आई-वडील, दोन मुले आणि आजी एवढे पाच जण असतील, तर टुआरेगच्या पाच जागा पुरतात. आजोबा आणि आत्याही बरोबर येणार असतील, तर सात आसनांची डिस्कव्हरीच हवी. मात्र प्रत्येक वाढलेल्या माणसाचे वजन गाडीच्या अनुज्ञेय भारात मोजले जाते, याचे भान असावे.

दुसरी कसोटी गाडीच्या गतायुष्याची. डिस्कव्हरीच्या या इंजिनांत क्रँकशाफ्ट तुटण्याची उदाहरणे वाहनक्षेत्रात परिचित आहेत आणि तसे घडल्यास खर्च मोठा येतो. तिचा टायमिंग बेल्ट ठरलेल्या मुदतीत बदलल्याची नोंद पाहावी, हवेवर चालणारे सस्पेन्शन तपासावे. टुआरेगमध्ये बेल्टऐवजी साखळी असते. तथापि, २०१५ साली उघडकीस आलेल्या उत्सर्जन-प्रकरणात फोक्सवॅगन समूहाची ३ लिटरची डिझेल इंजिनेही अडकली होती; म्हणून त्या गाडीवरील दुरुस्तीच्या सूचना पूर्ण झाल्या आहेत का, हे विचारावे. गाडीच्या क्रमांकावरून तिच्या वार्षिक तपासणीचा इतिहास तेथे विनामूल्य पाहता येतो. नोंदी नसलेल्या चकचकीत गाडीपेक्षा नोंदी असलेली जुनी गाडी केव्हाही बरी.

तिसरी कसोटी धुराची, आणि श्रावकाला ती टाळता येणार नाही. डिझेलच्या धुरातील कण अडवणारा फिल्टर दीर्घ प्रवासात तापला म्हणजेच स्वच्छ होतो. रोज शाळा आणि बाजार एवढ्याच फेऱ्या घातल्या तर तो तुंबतो. शिवाय युरो ६ मानकात न बसणाऱ्या डिझेल मोटारीला लंडनच्या कमी उत्सर्जन क्षेत्रात दिवसाला साडेबारा पौंड, तर बर्मिंगहॅमच्या क्षेत्रात ८ पौंड द्यावे लागतात. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनचे हे क्षेत्र शहराच्या सर्व विभागांत लागू झाले आहे. तेथील मंदिरात नित्य जाणाऱ्या कुटुंबाने मानक आधी तपासावे. वर्षातून दोनच आठवडे कॅरॅव्हॅन ओढायची असेल, तर एवढी अवजड गाडी वर्षभर बाळगणे हे अनर्थदंडाच्या सीमेजवळ जाते. अशा कुटुंबाने जागेवर उभी असलेली कॅरॅव्हॅन भाड्याने घेऊन लहान मोटारीने तेथे जावे. स्वयंपाकघर तेथेही आपलेच असते.

कोणतीही गाडी घेतली, तरी कौशल्य विकत मिळत नाही. १६ डिसेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये साध्या मोटार-परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचे जोडवाहन ओढता येते, वेगळी परीक्षा लागत नाही. कायद्याने वाट मोकळी केली, म्हणून अभ्यास टाळू नये. जड सामान कॅरॅव्हॅनच्या धुऱ्यावर आणि तळाशी ठेवावे. मागे ठेवल्यास ती डोलू लागते. डोलू लागलीच तर ब्रेक दाबू नये, वेग हळूहळू उतरू द्यावा आणि चाक सरळ धरावे. महामार्गावर तिची वेगमर्यादा ताशी ६० मैल आहे. ईर्यासमिती साधूंना सांगितली असली, तरी मार्ग पाहून आणि जपून चालण्याचा तिचा बोध गृहस्थालाही हिताचा आहे.

पाच माणसांच्या आणि १,६०० किलोच्या कॅरॅव्हॅनच्या वर मांडलेल्या उदाहरणात, दोघींच्या नोंदी सारख्याच चोख असतील, तर टुआरेग घेणे योग्य ठरेल. सात जणांच्या घराने डिस्कव्हरी घ्यावी आणि दुरुस्तीसाठी काही रक्कम बाजूला ठेवावी. परिग्रह-परिमाण करताना श्रावक गरज आधी ठरवतो आणि वस्तू नंतर आणतो. गाडीच्या बाजारात जातानाही तोच क्रम ठेवला, तर पैसा वाचेल, आजी निर्धास्त बसेल आणि सायंकाळचे भोजन दिवस असतानाच, कॅरॅव्हॅनच्या शेगडीवर होईल.