डॅनी गार्डेला : जिंकत आलेला खटला मध्येच सोडणारा खेळाडू

१/ अमेरिकी बेसबॉलपटूंच्या हक्कांची कथा बहुधा कर्ट फ्लडपासून सुरू होते. १९६९ मध्ये क्लबने परस्पर केलेली अदलाबदल नाकारून तो न्यायालयात गेला. परंतु त्याच्या वीस वर्षे आधी एका सामान्य खेळाडूने हीच व्यवस्था हादरवली होती. त्याला तळटीपेत ढकलणे अन्यायाचे आहे.

२/ डॅनी गार्डेला न्यूयॉर्क जायंट्सचा आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागातला क्षेत्ररक्षक. महायुद्धामुळे नामांकित खेळाडू सैन्यात गेले, तेव्हा १९४४ मध्ये त्याला संधी मिळाली. १९४५ मध्ये त्याने १८ होमरन मारले. युद्ध संपले, मोठे खेळाडू परतले आणि त्याचे स्थान डळमळीत झाले.

३/ त्या काळच्या करारात 'राखीव कलम' असे. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क क्लबकडेच राही. क्लब त्याला विकू शके, काढून टाकू शके. खेळाडूला मात्र दुसरा क्लब निवडता येत नसे. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्याने दाद मागण्याची वाटही जवळजवळ बंद होती.

४/ १९४६ मध्ये मेक्सिकोतील धनाढ्य होर्हे पास्केल यांनी अमेरिकी खेळाडूंना अधिक मोबदला देऊ केला. गार्डेलाने त्या वर्षीच्या करारावर सही केलेली नव्हती. तो मेक्सिकोला गेला. आयुक्त हॅपी चँडलर यांनी तिकडे गेलेल्यांवर पाच वर्षांची बंदी घातली.

५/ गार्डेलाने खटला भरला. कनिष्ठ न्यायालयाने तो फेटाळला. पण फेब्रुवारी १९४९ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने तो पुढे चालवण्याचा निर्णय दिला. न्यायमूर्ती जेरोम फ्रँक यांना या व्यवस्थेत वेठबिगारीची छाया दिसली. जूनमध्ये चँडलर यांनी बंदी उठवली. ऑक्टोबरमध्ये ६०,००० डॉलरवर तडजोड झाली.

६/ येथेच त्याच्यावर आक्षेप घेतला जातो : त्याने पैसे घेतले, म्हणून कायदा बदलला नाही. हा न्याय एकतर्फी आहे. फ्लडही १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला, तरी तो योग्यच नायक ठरला. मग बंदी उठवायला भाग पाडणारा गार्डेला दोषी कसा? ज्याची जागा घ्यायला दहा जण तयार असतात, त्याने लढा देणे अधिक धोक्याचे असते. १९५० मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सकडून तो एकदाच फलंदाजीस उतरला. त्याची मोठ्या लीगमधली कारकीर्द तेथेच संपली.

७/ अखेर डिसेंबर १९७५ मध्ये लवादाच्या निर्णयाने राखीव कलमाची पकड सुटली. पुढे कोट्यवधी डॉलरचे करार झाले. त्या वाटेवरचा पहिला दगड कोणी रचला असेल ते असो. पण मालकांना भीती वाटू शकते, हे दाखवून देणाऱ्यांत हा १८ होमरनवाला सामान्य खेळाडू होता. इतिहासाने नायक निवडताना केवळ धावफलक पाहू नये.