दर, मुद्दल आणि भूक



दुकानदारीच्या घरांत एक तक्रार सर्रास ऐकू येते. नवकारसीनंतर पोटभर नाश्ता करून माणूस नऊ वाजता पेढीवर बसतो आणि साडेअकराच्या सुमारास त्याचा हात आपोआप फरसाणाच्या डब्याकडे वळतो. घरचे म्हणतात, जिभेवर ताबा नाही. त्यालाही मनातून तसेच वाटत असते. या लेखात एवढेच सांगावयाचे आहे की, अशा अवेळी भुकेचा दोष पुष्कळदा खाणाऱ्याच्या स्वभावात नसून सकाळच्या ताटात असतो. आणि स्वभावापेक्षा ताट बदलणे सोपे.

ज्या मापाने हे समजून घेता येते त्याला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात. आपण त्यास शर्करा निर्देशांक म्हणू. १९८१ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचे डॉ. डेव्हिड जेनकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. ज्यात ५० ग्रॅम कर्बोदके आहेत इतका एखादा पदार्थ खाण्यास देऊन पुढील दोन तास रक्तातील साखर मोजावयाची आणि शुद्ध ग्लुकोजने ती जितकी वाढते तिला १०० मानून तुलना करावयाची. निर्देशांक ५५ वा त्याहून कमी असल्यास तो कमी, ५६ ते ६९ मध्यम आणि ७० वा अधिक असल्यास जास्त समजतात.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय कोष्टकातील काही सरासरी आकडे पाहण्याजोगे आहेत. पांढरा भात ७३, पांढरा पाव ७५. आणि आरोग्यदायी म्हणून आपण आणतो तो गव्हाचा ब्राऊन ब्रेड ७४! म्हणजे रंग बदलला, हिशेब तोच राहिला. साखर ६५, मध ६१. उलट चपाती ५२, मसूर ३२, हरभरा २८ आणि जव २८. मक्याचे दाणे ५२, परंतु त्याच मक्याचे कॉर्नफ्लेक्स ८१. धान्य एकच असले तरी ते जितके बारीक दळावे, फुलवावे वा अतिमऊ शिजवावे, तितके त्याचे पचन आयते होते आणि साखर रक्तात लवकर उतरते.

पुढे काय होते? रक्तातील साखर एकदम चढली की स्वादुपिंड त्याच प्रमाणात इन्सुलिन सोडते. इन्सुलिन ती साखर स्नायू, यकृत व चरबीच्या पेशींकडे वळवते. चढ तीव्र असेल तर उतारही तीव्र होऊ शकतो आणि काहींच्या बाबतीत दोन-तीन तासांनी साखर जेवणापूर्वीच्या पातळीच्याही खाली जाते. शरीर तो उतार टंचाई म्हणून वाचते आणि भुकेची हाक देते. एक हजारांहून अधिक निरोगी व्यक्तींवरील, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, ज्यांची साखर अशी खोल उतरते त्यांना पुढची भूक लवकर लागते आणि दिवसभरात ते इतरांपेक्षा सुमारे ३०० कॅलरी अधिक खातात. बोस्टन येथे १९९९ साली स्थूल किशोरांवर झालेला प्रयोग लहान, पण बोलका आहे. झटपट शिजणारे ओट आणि जाडसर कापलेले ओट असे एकाच धान्याचे दोन नाश्ते वेगवेगळ्या दिवशी दिले गेले. झटपट ओट खाल्ल्याच्या दिवशी मुलांनी नंतर ५३ टक्के अधिक खाल्ले. मुले तीच, धान्यही तेच.

तथापि, केवळ निर्देशांक पाहून ताट वाढणे म्हणजे केवळ व्याजाचा दर पाहून कर्ज घेणे होय. व्याज किती द्यावे लागेल हे दर आणि मुद्दल मिळून ठरते. आहारशास्त्रातही नेमके हेच सूत्र आहे: निर्देशांक गुणिले कर्बोदकांचे ग्रॅम, भागिले शंभर. या उत्तरास ग्लायसेमिक लोड, म्हणजे शर्कराभार म्हणतात. १० पर्यंतचा भार हलका, २० वा अधिक असल्यास जड. कलिंगडाचा निर्देशांक ७६ म्हणून मधुमेही त्यास घाबरतात. परंतु शंभर ग्रॅम कलिंगडात कर्बोदके सात-आठ ग्रॅमच असतात, म्हणून भार सुमारे ६. उलट दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके, म्हणजे भार २९. वाटी दुप्पट केली की दर तोच राहूनही व्याज दुप्पट. ऊणोदरीचा उपदेश आपण तप म्हणून ऐकत आलो. तो मुद्दल आवरण्याचाही उपदेश आहे.

येथे आणखी एक सापळा आहे. स्निग्धांशामुळे जठर रिकामे होण्यास वेळ लागतो, त्यामुळे तळलेल्या पदार्थांचा निर्देशांक अनेकदा कमी दिसतो. बटाटा आपल्या घरांत येत नाही, पण उदाहरणापुरते सांगतो: उकडलेल्या बटाट्याचा निर्देशांक ७८, तर तळलेल्या वेफर्सचा ५६! आइस्क्रीम ५१. म्हणून वेफर्स पथ्याचे ठरत नाहीत. तेल आणि कॅलरी या खात्यात नोंदल्या जातच नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. निर्देशांक कमी केला की वजन उतरतेच, यावरही तज्ज्ञांचे एकमत नाही. हे माप उपयोगी आहे, परंतु तो संपूर्ण ताळेबंद नव्हे.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. आपले मोठे भांडवल म्हणजे कडधान्ये. मूग, हरभरा, मसूर, चवळी यांतील प्रथिने व तंतू पचन संथ करतात. जेनकिन्स यांच्याच गटाने १९८२ साली दाखविले की, सकाळी मसुरासारखे संथ पचणारे अन्न घेतल्यास दुपारच्या जेवणानंतरची साखरही कमी चढते. मोड आलेली धान्ये वर्ज्य असणाऱ्यांनी ती आणण्याची गरज नाही. अख्खे मूग वा मुगाचा चिला हे काम उत्तम करतात. सकाळी टोस्ट-चहा वा कुरमुरे यांऐवजी असा नाश्ता करून पाहावा. तिथीच्या दिवशी हिरवी भाजी वर्ज्य असते, तेव्हा ताटात मैद्याचे पदार्थ व भात वाढतो. त्या दिवशी तर कडधान्याची वाटी अगत्याने असावी. पोळीच्या पिठात जव व चण्याचे पीठ मिसळावे. जेवताना भाजी व डाळ आधी आणि भात शेवटी घेतल्यास साखरेचा चढ सौम्य होतो.

चौविहाराचे एक अंग येथे नोंदले पाहिजे. सायंकाळी शरीराची साखर हाताळण्याची क्षमता सकाळपेक्षा कमी असते, म्हणून रात्री उशिरा न जेवण्याच्या नियमास शरीरशास्त्राची साथ आहे. परंतु दुकानातून धावत येऊन सूर्यास्ताच्या घाईत पाव-भाजी वा भाताचे ताट पंधरा मिनिटांत संपविले, तर त्या लाभातील बराचसा भाग निघून जातो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. चालणारे स्नायू रक्तातील साखर वापरतात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या व्यक्ती आहेत. दिवसभर गादीवर बसून व्यापार करणाऱ्या आपल्या समाजाने हे आकडे दुसऱ्याचे समजू नयेत. जे साखरेची गोळी वा इन्सुलिन घेतात, त्यांनी पर्युषणातील उपवास किंवा आहारातील मोठा बदल डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घेतल्यावाचून करू नये. साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते.

एकच पदार्थ दोघांच्या रक्तात निरनिराळी साखर चढवतो, हे इस्राएलमध्ये ८०० व्यक्तींवर झालेल्या २०१५ च्या अभ्यासाने दाखविले आहे. म्हणून छापील कोष्टक ही केवळ सुरुवात. व्यापारी माणसाला रोजमेळ लिहिण्याची सवय असतेच. आठ दिवस त्यात दोन ओळी अधिक लिहाव्यात: सकाळी काय खाल्ले, आणि पुन्हा भूक किती वाजता लागली. आठवड्याच्या अखेरीस कोणता नाश्ता आपल्याला दुपारपर्यंत नेतो आणि कोणता साडेअकरालाच हात आखडता घेतो, हे आपल्याच अक्षरांत समोर येईल.