अकरा घरांची बातमी कुठे गेली?

गेल्या महिन्यात डेस्कवर माझ्याकडे एक फोटो आला. एका अभिनेत्रीच्या मुलीचा वाढदिवस. मी पटकन ओळ लिहून दिली, ‘दत्तक लेकीसोबत धमाल’. पान छापून आलं आणि संध्याकाळी मैत्रिणीचा फोन. ती स्वतः दत्तक आहे, हे मला शाळेपासून माहीत आहे. म्हणाली, ‘दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर सिझरने झालेली लेक असं लिहिलं असतंस का गं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी जुन्या बातम्या काढून वाचत बसले.

जुलै 2017 मध्ये सनी लिओनी आणि तिचा नवरा डॅनियल वेबर यांनी लातूरची 21 महिन्यांची मुलगी दत्तक घेतली. तुम्ही तेव्हा शाळेत असाल. आईबापांचे पासपोर्ट परदेशी, मुलगी मात्र आपल्या मराठवाड्यातली. त्या दिवसांत दोनच सूर होते. एक, ‘किती मोठं मन!’ दुसरा, ‘असल्या बाईच्या हाती लेकरू दिलंच कसं?’ आमच्या घरी टीव्हीसमोर मावशीने दोन्ही सूर एका दमात लावले, वर तिसराही, ‘पुण्याचं काम केलं बाई, पण कोनाची पोर असन काय मालूम!’

या गदारोळात एक गोष्ट कोपऱ्यात राहिली. देशातली दत्तक प्रक्रिया बघणाऱ्या ‘कारा’ या केंद्रीय संस्थेच्या तेव्हाच्या प्रमुखांनी माध्यमांना सांगितलं होतं, की त्याआधी 11 कुटुंबांनी त्या मुलीला नकार दिला होता. लोक रंग बघतात, चेहरा बघतात, तब्येत बघतात. म्हणजे मुलगी बघायच्या कार्यक्रमात जे चालतं, तेच पाळण्यापाशीही.

माझ्या मते खरी हेडलाइन ही होती. पण सनीबद्दल बोलणं सोपं आहे. त्या 11 घरांबद्दल बोलायचं तर आपल्याच घरातलं काढावं लागतं.

तुम्ही म्हणाल, सेलिब्रिटींमुळे निदान चर्चा तरी होते. मान्य. 2000 मध्ये सुष्मिता सेनने लग्न न करता मुलगी दत्तक घेतली, तेव्हा एकटी बाईसुद्धा आई होऊ शकते हे घराघरांत कळलं. पण आम्ही माध्यमवाले प्रत्येक वेळी ही गोष्ट उपकाराची करून टाकतो. स्टार देव आणि मूल बिचारं. प्रत्यक्षात आज दत्तक घेऊ पाहणाऱ्यांची रांगच इतकी लांब आहे, की लहान, धडधाकट बाळासाठी तीन वर्षांहून जास्त थांबावं लागतं. मागे राहतात ती मोठी झालेली, आजारी, अपंग मुलं. त्यांतल्या अनेकांना शेवटी परदेशातलं घर मिळतं. तिथली माणसं फार थोर म्हणून नाही, आपण ‘नको’ म्हटलं म्हणून.

लिसा स्थळेकर आठवा. 1979 मध्ये पुण्यात जन्मली, ससूनच्या ‘श्रीवत्स’मधून दत्तक गेली, ऑस्ट्रेलियाकडून खेळली. महिलांच्या वन डेमध्ये 1000 धावा आणि 100 बळी घेणारी ती पहिली. तरी तिची गोष्ट सांगताना आम्ही सुरुवात अनाथालयापासूनच करतो, धावा आणि विकेट मागाहून. चाळिशी ओलांडलेल्या बाईला आपण अजून पाळण्यातच ठेवलंय!

सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं हे काम बुलढाण्याच्या कलेक्टर ऑफिसात होतं, मुंबईच्या रेड कार्पेटवर नाही. उद्या तुमच्यापैकी कुणी त्या रांगेत उभं असेल. फॉर्म भरताना ‘गोरी हवी’ हे डोक्यात येणार की नाही, ते आज आपण काय वाचतो, काय शेअर करतो यावरच थोडंफार ठरतंय.

माझ्यापुरतं मी ठरवलंय. वाढदिवसाच्या फोटोखाली यापुढे फक्त ‘लेक’. एक शब्द कमी लागतो, जागाही वाचते.