आधी शहर, मग सफर

गेल्या जूनमध्ये आम्ही शाळेचे चार माजी विद्यार्थी नेदरलँड्समध्ये सायकल सफरीला गेलो होतो. बडोद्याला परतल्यावर बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला : नऊ दिवसांची रजा, त्यातले पहिले तीन दिवस आम्स्टरडॅममध्येच का घालवले? ते दिवस वाया गेले नाहीत असे आमचे ठाम मत आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

मांडवीच्या गर्दीत सायकल शिकलेली माणसे आम्ही. जगात कुठेही चालवू, हा आमचा समज पहिल्याच दुपारी गळून पडला. तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात, हे आम्हाला पाठ होते. पण वळताना हात सवयीने डावीकडेच नेत. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो, तिकडच्या अनेक सायकलींना तो डाव्या हाताला. काहींना तर पेडल उलटे दाबून ब्रेक लावायचा. घाईत चुकीचा ब्रेक दाबला की तोल गेलाच म्हणून समजा. आमच्यातल्या एकाचे चाक ट्रामच्या रुळात अडकले. सामान हॉटेलवर होते, म्हणून कोपर सोलण्यावर निभावले. मागे पंधरा किलोचे ओझे असते तर?

रूळ काटकोनात ओलांडायचे, हे त्या पडण्यातून शिकलो. रस्त्यावरच्या पांढऱ्या त्रिकोणांची टोके आपल्याकडे असतील तर दुसऱ्याला आधी जाऊ द्यायचे, वळण्याआधी हात दाखवायचा, हे पाहून पाहून कळले. सायकल चालवताना मोबाइल हातात धरायला तिथे 2019 पासून बंदी आहे. दुसरा दिवस व्हाँडेलपार्कमध्ये नुसत्या फेऱ्या मारण्यात गेला. शिवाय घड्याळ साडेतीन तास मागे, आणि रात्री दहापर्यंत उजेड. झोपेचे गणित जुळायलाच दोन रात्री लागल्या. चौथ्या दिवशी निघालो तेव्हा हात आपोआप योग्य ब्रेकवर जात होते.

आम्स्टरडॅममध्ये राहणे महाग पडते, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे जवळच्या हारलेमसारख्या लहान गावात मुक्काम करावा. रेल्वेने वीस मिनिटांच्या आतबाहेर अंतर आहे. पण पैसे वाचवायचे म्हणून हे दिवसच कापू नयेत.

तिथल्या प्राथमिक शाळांत वरच्या वर्गातली मुले वाहतुकीची लेखी परीक्षा देतात, आणि अनेक ठिकाणी सायकलवरची प्रात्यक्षिक परीक्षाही. त्या रस्त्यांवर वाढलेल्या मुलांनाही शिकावे लागते, मग आपण पाहुणे विमानातून उतरून थेट निघणार कसे?

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे. शाळेची सहल परगावी जाईल तेव्हा पहिला दिवस स्थळदर्शनाने भरू नये. मुलांना रस्ते, पाणी, जेवण आणि परतीची वाट ओळखू द्यावी. पालकांनीही ‘पहिल्या दिवशी काहीच दाखवले नाही’ अशी तक्रार करू नये. आणि विद्यार्थी मित्रांनो, उद्या शिक्षणासाठी परदेशी जाल, तेव्हा वर्ग सुरू होण्याच्या आदल्या रात्री पोहोचू नका. चार दिवस आधी जा.