खारदांड्याची बंद खिडकी

जुन्या लाँगप्ले तबकड्या काढून पुन्हा ऐकण्याची साथ हल्ली जोरात आहे. कार्टर रोडवरून खारदांड्याकडे चालू लागा. वाटेतल्या कितीतरी दिवाणखान्यांत रेकॉर्ड-प्लेअर माळ्यावरून खाली उतरलेला आढळेल. रविवारी चार समवयस्क जमतात, पन्नास वर्षांपूर्वीच्या रॉक-संगीताची उजळणी होते आणि उठताना निकाल दिला जातो: "असे आता होणे नाही, आणि आपल्याकडे तर असे कधी झालेच नाही!" यातल्या पहिल्या वाक्याशी माझे भांडण नाही. उतारवयात प्रत्येकाला आपल्या तरुणपणचे गाणे शेवटचेच वाटते. दुसरे वाक्य मात्र साफ खोटे आहे, आणि ते खोटे मीही अनेक वर्षे बोलत आलो आहे.

आमचे घर खारदांड्याच्या कडेला. १९७० नंतरची एक रात्र मला पक्की आठवते. थोरल्या भावाने उसनी आणलेली बॉब डिलनची तबकडी आम्ही कान लावून ऐकत होतो. कोळीवाड्यात त्या रात्री हळद होती. बायकांचा सूर खिडकीतून आत येऊ लागला, तसा भाऊ उठला आणि त्याने खिडकी लावून घेतली. आई म्हणाली, "अरे, उकडतंय!" आम्ही घामाघूम होत बसलो, खिडकी काही उघडली नाही.

परवा त्या सगळ्या तबकड्या मी पुन्हा ऐकल्या. जोनी मिचेलची १९७१ची 'ब्लू' आजही तशीच उभी आहे. मोजकी वाद्ये, एक आवाज आणि स्वतःला न सोडणारे शब्द. आम्ही डोक्यावर घेतलेल्या दुसऱ्या कित्येक तबकड्यांत मात्र गिटारच्या गोंगाटाखेरीज आता काही सापडत नाही. खरा धक्का दिला तो डिलनच्या १९६२च्या पहिल्या तबकडीने. तीत तेरा गाणी आहेत. त्यांपैकी त्याची स्वतःची फक्त दोन! बाकीची बहुतेक जुनी लोकगीते आणि ब्लूज. म्हणजे हा पोरगा आधी आपल्या मुलखातल्या वडीलधाऱ्यांची गाणी शिकला आणि मग स्वतःची रचू लागला. आम्ही त्याचे काय उचलले? नाकातला आवाज, माउथ-ऑर्गन आणि अमेरिकन उच्चार. त्याची रीत तेवढी उचलायची राहिली.

'सिमला बीट' स्पर्धेच्या तबकड्या १९७० आणि १९७१ साली निघाल्या. वाजवणारी मुले इथली, शब्द मात्र इंग्रजी. नंदू भेंडे यांच्यासारखा अस्सल रॉकचा गळा एका मराठी घरातून आला. १९७४ साली अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये तो जुडास म्हणून गाजला, आणि १९७८ साली पु. लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा'त तोच गळा मराठीत गायला. दार उघडले होते. त्यातून पुढे झुंडीने कोणी गेले नाही, याचा दोष मी गायकांना देत नाही. आम्ही श्रोतेच दाराशी ताटकळत परदेशी टपालाची वाट पाहत होतो!

कोणी म्हणेल, स्वतः लिहून, स्वतः चाल बांधून, स्वतः गाणारा आपल्याकडे होता कुठे? वाचकहो, आपल्या संगीतशास्त्रात त्याला 'वाग्गेयकार' हा जुना शब्द आहे आणि बोलीत 'शाहीर'. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा डिलन तीन वर्षांचा होता. २०१६ साली त्याला साहित्याचे नोबेल मिळाले, तेव्हा आमच्या दिवाणखान्यांनी टाळ्या पिटल्या. त्याच दिवाणखान्यांच्या कपाटात शाहिराच्या गाण्याला साहित्य म्हणून किती जागा होती?

आणि कोळीगीते? शान्ता शेळके यांनी लिहिलेले, हृदयनाथ मंगेशकरांनी बांधलेले 'मी डोलकर' आम्ही आनंदाने घरात घेतले, कारण ते लताबाई आणि हेमंतकुमार यांच्या गळ्यातून आले. गाणे सुरेखच आहे. पण कॅसेटच्या जमान्यात वेसाव्याचे कोळी जेव्हा आपली गाणी आपल्याच तोंडाने गाऊ लागले, तेव्हा त्याला आम्ही लग्नातला धांगडधिंगा म्हणालो. त्यांत एकाच ठेक्याची भरताड नव्हती काय? होती. रॉकमध्येही ती होती, हे मी वर कबूल केलेच आहे. विलायती धान्य आम्ही दाणा दाणा पाखडले. घरचे मात्र सुपात न घेताच उकिरड्यावर फेकले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: उजळणी करायची तर पुरती करा. आपण काय ऐकले याच्याबरोबर काय ऐकायचे नाकारले, तेही काढा. डिलनची तबकडी उद्याही बाजारात मिळेल. कॅसेटची फीत मात्र दमट हवेत बुरशी खाते, आणि हळदीची गाणी तोंडपाठ असलेल्या म्हाताऱ्या दरसाल कमी होत आहेत. रविवारच्या मंडळींनी एक रविवार कोळीवाड्यात जावे, ओट्यावर बसावे, नम्रपणे विचारावे आणि ती गाणी उतरवून घ्यावीत. माझा भाऊ आता नाही. ज्या बायकांच्या तोंडावर आम्ही खिडकी लावली, त्यांतल्या बहुतेक जणीही आता नाहीत. त्या रात्री त्या काय गात होत्या, ते मला कोणत्याही तबकडीवर मिळायचे नाही.