काठावरचा बुडबुडा

‘संगणक पाणी दाखवू शकतो, पाण्याचा अनुभव देऊ शकत नाही,’ असे मराठीच्या एका प्राध्यापकांनी गोंदियातल्या चर्चासत्रात सांगितले आणि टाळ्या घेतल्या. पुढच्या पाचच मिनिटांत त्यांनी मानवी जीवनाला पाण्यावरच्या बुडबुड्याची उपमा दिली. पुन्हा टाळ्या. माझा आक्षेप आहे तो या दुसऱ्या टाळ्यांना.

आपल्या साहित्यव्यवहारातला बुडबुडा नेहमी पृष्ठभागावर असतो आणि त्याला फुटण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. तो कुठून निघाला, वर येताना त्याचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. कारण उपमा देणारा काठावर उभा असतो (बहुधा तिथेही नसतो). संगणकावर पाण्याखालचा बुडबुडा घडवणाऱ्याला ही चैन परवडत नाही. मिलिमीटरभराहून लहान बुडबुडा गोल असतो आणि सरळ वर जातो. थोडा मोठा झाला की चपटा होतो आणि नागमोडी चालू लागतो. ही चाल लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी टिपून ठेवली होती. चांगला मोठा बुडबुडा छत्रीसारखा होतो. वर येताना दाब कमी होत जातो म्हणून तो फुगत जातो. दहा मीटर खोलीवरून निघालेल्याचे आकारमान पृष्ठभागाशी पोचेतो जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे ज्याला आपण क्षीणतेचे प्रतीक मानले, तो फुटेपर्यंत वाढतच असतो!

प्रकाशाचेही तसेच. नवशिका त्याला पाण्याचा १.३३ हा अपवर्तनांक देऊन मोकळा होतो आणि पाण्यात काचेची गोटी तरंगताना दिसते. बाहेर पाणी आणि आत हवा, तेव्हा गणित उलटे मांडायला हवे: सुमारे ०.७५. एवढा आकडा बदलला की बुडबुड्याची कड चांदीसारखी चमकू लागते, कारण तिथे प्रकाश आत शिरतच नाही, परततो. बुडबुड्याला मोती म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी ही कड पाहिली आहे?

म्हणून संगणकवाले द्रष्टे आणि आपण आंधळे, असे मात्र नव्हे. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये २०२० पासून मँटाफ्लो नावाची प्रणाली आहे. तिच्या हिशेबात द्रवाबाहेरची हवा म्हणजे रिकामी जागा. साहजिकच पाण्यातला बुडबुडा टिकत नाही, भोवतालचे पाणी त्याला गिळते. मग बुडबुड्यांचे कण निराळे पेरायचे आणि ते किती उसळावेत, प्रवाहाबरोबर किती ओढले जावेत, हे दोन आकड्यांनी ठरवायचे. आयते आकडे तसेच ठेवले की आयता समुद्र मिळतो.

इथे प्राध्यापक महोदयांची आणि आळशी कारागिराची गाठ पडते. बुडबुडा पोकळ आहे असे दोघेही धरून चालतात. वस्तुतः आतली हवा पाण्याला रेटून धरते म्हणूनच बुडबुडा असतो. वाहत्या पाण्याचा नाद हा पाण्यात कोंडलेल्या हवेच्या कंपनाचा नाद आहे, हे मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ साली मांडले. आता ‘खळखळ’ आणि ‘बुडबुड’ या नादानुकारी शब्दांवर मराठीच्या एखाद्या अभ्यासकाने त्या अंगाने लिहावे, ही अपेक्षा फार झाली काय?

आणि ‘कृत्रिम’ या शब्दाचा धाक कोणी घालू नये. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली ‘कालिया मर्दन’ काढला, तेव्हा कृष्ण होती त्यांची लहानगी मंदाकिनी आणि कालिया होता बनवलेला. त्या कृत्रिमतेला आज आपण परंपरा म्हणतो.

हे मी कुडव्यात बसून लिहितो आहे. जिल्हा तलावांचा, माजी मालगुजारी तलावांना इकडे ‘मामा तलाव’ म्हणतात. उन्हाळ्यात पाणी ओसरले की अशा तलावाच्या कडेला गाळात बांबू खुपसून पाहावा. कुजलेल्या पाल्याचा वायू बुडबुड्यांची माळ होऊन वर येतो. त्यात मिथेन असतो, तो पेटतो. पुढचे चर्चासत्र तिथे भरवावे; बांबूची व्यवस्था मी करतो.