ज्याने उभारला, त्यानेच तपासला!

२६ ऑगस्ट २०२४ रोजी भर दुपारी मालवणच्या राजकोट किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा कोसळला. ४ डिसेंबर २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झालेल्या या पुतळ्याला एक पावसाळासुद्धा धड काढता आला नाही. महाराजांनी बांधलेला सिंधुदुर्ग समोरच्या समुद्रात साडेतीनशे वर्षे लाटा खात उभा आहे, आणि त्यांचा पुतळा म्हणे ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्याने पडला! असल्या वाऱ्याने कोकणात झापे पडतात हो, माड पडत नाहीत.

शिल्पकाराला अटक झाली, संरचना सल्लागाराला अटक झाली, आणि सरकारला वाटले आता लोकांचे तोंड बंद झाले. झाले नाही! पैसा राज्य सरकारचा, काम करून घेणारे नौदल. राज्याच्या कला संचालनालयाने मंजुरी दिली ती मातीच्या सहा फुटी नमुन्याला. पुतळा ३५ फुटांचा होणार हे आपल्याला कोणी कळवलेच नाही, असे तेच सांगतात. सहा फुटांच्या कागदावर ३५ फुटांचे पोलाद चढले, तेव्हा मधले एकोणतीस फूट कोणाच्या सहीने वाढले? २० ऑगस्टला सार्वजनिक बांधकाम खात्याने नौदलाला पत्र लिहिले की, नट-बोल्ट गंजले आहेत. सहा दिवसांनी पुतळा आडवा झाल्यावर हेच खाते फिर्यादी बनून पोलीस ठाण्यात उभे! म्हणजे तिजोरी ज्यांची, फिर्यादही त्यांचीच. आणि कारणे शोधायला नेमलेल्या संयुक्त तांत्रिक समितीचे अध्यक्षपद कोणाकडे? नौदलाच्याच एका अधिकाऱ्याकडे.

गावच्या विहिरीचा कठडा ढासळला तर तो बांधणाऱ्या गवंड्याच्या भावाला पंच नेमायला कोणतीही ग्रामसभा धजावणार नाही. इथे एका राज्याने आणि देशाच्या नौदलाने ते बिनदिक्कत केले. त्या अधिकाऱ्याच्या सचोटीबद्दल आमची तक्रार नाही, समितीत आयआयटीचे प्राध्यापक होते हेही मान्य. पण माणूस कितीही सरळ असला तरी ज्या खुर्चीत बसून त्याला स्वतःच्याच खात्याचे माप काढावे लागते, ती खुर्ची वाकडी. यालाच हितसंघर्ष म्हणतात, आणि तो समजायला कायद्याची पदवी लागत नाही.

बरे, कायदा नाही असेही नाही. पालिकेच्या कंत्राटात नगरसेवकाची किंवा त्याच्या भागीदाराची भागी निघाली तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० खाली त्याचे पद जाते. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांतला नियम १७५ खरेदीच्या व्यवहारात हितसंघर्ष उघड करायला सांगतो. गटार बांधणाऱ्याला हे सारे लागू. पुतळा, भित्तिशिल्प, संग्रहालय म्हटले की मात्र कला, श्रद्धा, अस्मिता यांचा धूर काढून फाईल झाकायची! कलेला कसले नियम लावता, असे विचारणाऱ्यांना आम्ही विचारतो, कलेच्या बिलाचे पैसे काय आकाशातून पडतात?

उलट कलेच्या क्षेत्रातच ही शिस्त अधिक कडक हवी. इथे सगळे एकमेकांना ओळखतात. परीक्षक स्पर्धकाचा गुरू असतो, सल्लागार ठेकेदाराचा जुना सोबती. ओळख असणे हा गुन्हा नाही. ती लपवून मत देणे हा जनतेच्या पैशावरचा दरोडा आहे. म्हणून निवड समितीत बसणाऱ्याने आपले नातेसंबंध आणि व्यवहार पहिल्याच बैठकीत लेखी द्यावेत, संबंध निघाला तर त्या विषयापुरते बाहेर जावे. ज्याने अंदाजपत्रक लिहिले त्याने बिल प्रमाणित करता कामा नये. आणि काम कोसळले तर चौकशीत पैसा देणाऱ्याचा किंवा काम करून घेणाऱ्याचा एकही माणूस नको, एकही!

राजकोटवर त्यानंतर नवा ६० फुटी पुतळा उभा राहिला. त्याच्या निविदेत १०० वर्षे टिकण्याची अट होती. पोलादाला अटी घालायला सरकारला चांगले जमते. माणसांना कधी घालणार?

वाचकहो, तुमच्या गावातही एखादा पुतळा, एखादे शिल्प सरकारी पैशाने उभे राहत असेल. निवड समितीत कोण होते आणि त्यांनी हितसंबंधांचे लेखी निवेदन दिले का, एवढेच माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला १० रुपयांचे तिकीट लागते. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.